तालुका श्रीची बायको

माझ्या लग्नात नवरदेवाची शेरवानी दंडात बसत नव्हती, म्हणून शिंप्याने बाह्या उसवून आत पट्टी घातली होती. आमची माणसं नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, काटक आणि सडपातळ. मंडपात नवऱ्याला बघून माझी एक चुलती म्हणाली, "बाई, ह्याला दारातनं आडवंच घ्यावं लागंल." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मनातून बरंही वाटलं. असा नवरा मिळाला म्हणजे आता कशाला भ्यायचं नाही, असं वाटण्याचं ते वय होतं.

सासर काष्टीजवळच्या वस्तीवर. थोडा ऊस, थोडा कांदा, बाकी सगळा भार गायींवर. घरात माणसं तीन: मी, हे आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घरात अंड्याचं टरफलसुद्धा चालायचं नाही, आणि पोटचा मुलगा तर अंडी आणि कोंबडीवर जगणारा. यावर तोड म्हणून गोठ्याच्या कडेला एक वेगळी चूल मांडलेली होती. हळद उतरायच्या आत आत्यांनी मला ती दाखवली. "ही तुजी," म्हणाल्या. तेव्हापासून माझा निम्मा दिवस गोठ्यात जाऊ लागला. मी अंडी उकडायची आणि गायी रवंथ करत माझ्याकडे बघायच्या.

मी भातावर वाढलेली मुलगी. माहेरी सकाळचा शिळा भात फोडणीला टाकून, दुपारचा आमटीशी, असा आमचा दिवस जायचा. इथे नवरा भात काट्यावर तोलून खायचा. तेल नाही, तिखट नाही, स्पर्धा जवळ आली की मीठही नाही. एकदा मला दया आली म्हणून मी चिकनला लसूण-मिरचीचं वाटण लावलं, तर ताट जसंच्या तसं परत आलं. त्या उकडलेल्या पांढऱ्या गोळ्यांना स्वयंपाक म्हणायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं. गायींना पेंड, ह्यांना चिकन, असा माझा हिशोब.

ह्यांची जिम काष्टीत एका खताच्या दुकानावर होती. पूर्वी यात्रेत फक्त कुस्त्यांचा आखाडा असायचा, आता शेजारी शरीरसौष्ठवाचं स्टेजही लागतं. कुठे तालुका श्री, कुठे जिल्हा श्री, आणि चौकाचौकात उघड्या अंगाचे फ्लेक्स. ह्यांनी तालुका श्री मारला त्या वर्षी मी नवी नवरी होते. स्पर्धेच्या आधीचे दिवस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पाणी तोडलं होतं. तोडलं म्हणजे प्यायचंच नाही, कातडी हाडामांसाला चिकटली पाहिजे म्हणून. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, चालताना भिंत धरायची. मी भांडी घासायला नळ सोडला तरी ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आणि असा माणूस स्टेजवर उभा राहिला की लोक म्हणायचे, काय ताकद आहे! मला घरी पाण्याची कळशी उचलून द्यायला सांगायचीही सोय नव्हती त्या दिवसांत.

स्टेजच्या आधी अंगाला काळपट रंग लावतात, दिव्यांच्या उजेडात पीळ उठून दिसावा म्हणून. पाठीला हात पोचत नाही, तेव्हा ते काम माझं. आत्या दारात उभ्या राहून बघायच्या. "दूध पाजून पोरगं गोरं क्येलं, हिनं काळं करून ठिवलं," म्हणायच्या. मी स्पंज फिरवायची. पाठभर फोड होते, बोटाला लागायचे. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "उष्णता हाय. अंडी गरम असत्यात." मी बरं म्हटलं. माझ्या भावाला एवढी अंडी कधी मिळाली नव्हती, त्यामुळे मला ताडून बघायला काही नव्हतं.

ढाल घेऊन खाली उतरले आणि बायकांनी आपापली लेकरं त्यांच्या दंडावर बसवली, फोटोसाठी. एकेका दंडावर एक. पुढे जिथे जातील तिथे हेच. बारशाला गेलो तरी बाळ आधी ह्यांच्या हातात. "ह्याच्यासारखं व्हवू दे," म्हणायच्या. मला ते बघायला फार आवडायचं, पहिली दोन वर्षं.

मग आमच्याच घरात पाळणा का हलत नाही, अशी विचारणा सुरू झाली. डेअरीवर दूध घालायला गेले की किटलीचं झाकण उघडायच्या आत प्रश्न यायचा, "काय गोड बातमी?" ओटी भरायच्या कार्यक्रमात मला मागे बसवायला लागले. उठा म्हणायचं कुणी नाही, पण ताट माझ्यापर्यंत यायचं नाही. आत्यांनी काढे दिले, देव केले, उपास धरायला लावले. मग नगरला दवाखाना. आता अहिल्यानगर म्हणतात, माझ्या तोंडात नगरच येतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्या सगळ्या तपासण्या केल्या आणि माझ्यात काही नाही म्हणाल्या. मिस्टरांना घेऊन या, त्यांचीही तपासणी करू. मी घरी येऊन सांगितलं, तर आत्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "त्याला काय झालंय? जरा बघ की त्येच्याकडं!" हेही हसले. आणि खरं सांगायचं तर मीही बघितलं त्यांच्याकडे आणि मलाही पटलं. एवढ्या देहात कसली कमी असणार?

त्याच सुमारास आमची एक जर्सी गाय उलटली. गाय माजावर आली की डॉक्टर येऊन कांडी भरतो, म्हणजे वळूचं बीज असलेली बारीक नळी. तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर आली की समजायचं, राहिली नाही, उलटली. ही गाय एकदा उलटली, परत भरवली, परत उलटली. मला वाटलं आत्या आता तिला काष्टीच्या बाजारात उभी करणार. पण आत्या गायीच्या पाठीवरून हात फिरवत डॉक्टरवर तुटून पडल्या. "माज्या गायीला काय बी झालेलं न्हाई. तुजी कांडीच बोगस हुती. दुसऱ्या वळूची आण." त्याने आणली आणि गाय राहिली. मी शेणाची पाटी घेऊन तिथेच उभी होते. गायीला जो न्याय मिळाला तो मला का मिळू नये, हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं होतं. पण हे सासूला बोलून दाखवायचं कसं? मी पाटी उचलली आणि उकिरड्याकडे गेले. राग मात्र मनात बसला तो बसलाच.

गोठ्यात फळीवर एक डबा असतो, आमच्याकडच्या प्रत्येक गोठ्यात असतो. सुया, सिरिंज, गायीचं कॅल्शियम, सुजेवरचं औषध. एकदा मला सिरिंज हवी होती म्हणून डबा काढला, तर तळाशी गायीच्या नसलेल्या बाटल्या निघाल्या. बारीक, तेलकट औषधाच्या. हे मागून आलेच. मी विचारलं. लपवलं नाही त्यांनी, उलट मला समजावूनच सांगितलं. जिममध्ये सगळेच घेतात, त्याशिवाय कुणी श्री होत नाही, पुरुषाच्या अंगात जे असतं तेच आहे हे. आणि मग म्हणाले, "आन हे मी आता पोरासाटीच घेतोय."

मला कळेना. ते म्हणाले, "गाय माजावर येत नसली की डाक्टर काय देतो? हार्मोनचं इंजेक्शन. मग ती येती आन राहती. हे बी हार्मोनच हाय. स्पर्धा न्हाई तरी मी चालू ठिवलंय, मात्रा वाढवलीय. आपल्याला मूल पायजे का न्हाई?"

दुधाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. गोठ्यात रोज जे डोळ्यांनी दिसतं तेच त्यांनी स्वतःला लावलं होतं. मला तर त्यांची मायाच आली. एवढा मोठा माणूस मुलासाठी स्वतःला सुया टोचून घेतोय आणि मी उगाच संशय घेतेय, असं वाटून मी डबा परत फळीवर ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात नगरला जिल्हा श्री होती. मीही गेले होते, रंग लावायला. पाणी तोडलेलं होतंच, वर लघवी होण्याच्या गोळ्या घेतलेल्या, उरलंसुरलं पाणीही निघावं म्हणून. तुलनेसाठी पाचसहा जणांना ओळीने उभं केलं. दोन्ही हात वर करून दंड फुगवायची पोज होती. ह्यांचे हात वर गेले ते खाली येईनात. मांड्यांत गोळे, पोटात गोळे, जबडा आवळलेला. लोकांना वाटलं पोज धरून ठेवलीय, टाळ्या वाजत राहिल्या. मी एकटीच ओरडत होते. मग ते तसेच आडवे झाले, लाकूड पडावं तसे.

दवाखान्यात चादर काळी झाली त्या रंगाने. डॉक्टर तरुण होता, पण दरडावून विचारणारा. काय घेता, किती दिवस, कुणी दिलं, सगळं काढून घेतलं. रक्तदाब भलताच चढलेला, रक्त दाट झालेलं, किडनीला मार बसलेला. "थोडक्यात वाचलात," म्हणाला. सलाईन चालू असताना त्याने सहज विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, नाही. त्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि ह्यांची ती तपासणी करून घेतली. आत्या सोबत आल्या नव्हत्या, म्हणून झाली.

बीज शून्य होतं. कमी नाही, शून्य.

डॉक्टरने समजावलं. बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर शरीर म्हणतं, मग मी कशाला बनवू? आतला कारखाना बंद पडतो, आणि त्यासोबत बीजही बनायचं थांबतं. जितकं जास्त टोचाल तितकं पक्कं कुलूप. ह्यांनी दोनदा विचारलं, "पण मी तर मूल व्हावं म्हणून घेत हुतो." डॉक्टरला आधी चेष्टा वाटली. मग ह्यांचा चेहरा बघून तो खुर्ची ओढून शेजारी बसला. आजपासून सगळं बंद, मी पाठवतो त्या मोठ्या डॉक्टरांकडे जा, म्हणाला. कारखाना परत सुरू होतो बऱ्याच जणांचा, पण किती महिन्यांनी आणि होईलच का, हे आज कुणी सांगू शकत नाही. आणि परत सुई घेतलीत तर मुलाचं सोडा, तुमचीच खात्री नाही.

काष्टीला परत येताना गाडीत ते म्हणाले, "आयेला सांगू नको." मी म्हटलं, "मी नाहीच सांगणार. पण तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून हे निघालं तर लोक म्हणतील, स्वतःचं झाकायला नवऱ्यावर ढकलते." ते हो म्हणाले. कधी सांगायचं ते मात्र ठरलं नाही.

सुया बंद झाल्यावर जे झालं त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. देह उतरत गेला. सदरे गळ्यातून लोंबायला लागले, दंडाचं मांस सैल पडलं, आणि छातीवर मात्र गाठी धरल्या, त्या झाकायला ते उन्हाळ्यातही जाड बनियन घालायचे. सकाळी उठवत नसे. धारा काढता काढता गायीच्या अंगावर डोकं टेकून रडायचे. जिल्ह्यात ज्याचे फ्लेक्स लागले तो माणूस, आणि वस्तीवरची माणसं त्याला बघून विचारायची, "शुगर झाली व्हय रं?" जिमवरून फोन यायचे. सुयांचा थोडा कोर्स कर, सगळं परत भरून येईल. फोन ठेवला की ते गोठ्यातल्या फळीकडे बघायचे. डबा मी केव्हाच रिकामा केला होता, पण मिळायला काय, एका फोनवर मिळत होतं. मी त्यांच्या मागे मागे राहायची. म्हशीने रेडकामागे राहावं तशी, असं तेच एकदा चिडून म्हणाले.

आत्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की पोरगा खंगला आणि सून तशीच ठणठणीत. "हिच्या पायगुणानं माजं पोरगं वाळलं," असं त्या मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात शेजारणीला सांगायच्या. हे आत बसून ऐकायचे. आज सांगतो, उद्या सांगतो. मला त्यांची कीवही यायची आणि हातातलं लाटणं फेकून मारावंसंही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी.

मग एका सकाळी आत्या म्हणाल्या, "पाव्हणे येणारेत मिरजगावचे. पोहे कर, शेंगदाणे जरा जास्त घाल." कॉटवर नवी चादर अंथरलेली बघितली आणि मला समजलं. मिरजगावला आत्यांचा मावसभाऊ होता आणि त्याच्या साडूची एक मुलगी लग्नाची राहिलेली होती, हे मी उडत उडत ऐकलं होतं. माझ्या जागी आणायच्या मुलीच्या पाहुण्यांना मीच पोहे करून घालायचे होते. आत्यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. घरात स्वयंपाक मीच करते, मग पोहे दुसरं कोण करणार?

मी गोठ्यात गेले. हे वैरण टाकत होते. मी म्हटलं, "पोहे भिजवलेत. ते होईपर्यंत तुम्हाला वेळ आहे. मग मी पोह्यांची कढई खाली उतरवून अकोल्याची गाडी धरणार. परत आणायला येऊ नका." वैरणीची पेंढी त्यांच्या हातात तशीच.

पाहुणे आले. मावसभाऊ आणि त्याची बायको. पाणी झालं, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मी आतल्या चुलीपाशी कांदा परतत होते, दार उघडंच होतं. पाहुणी बाई म्हणत होती, "पोरगी गरीब हाय हो, हिच्यासंगं बी ऱ्हाईल. मोठी म्हणून मान दील." तेवढ्यात हे आत आले. पाय शेणाने भरलेले, तसेच येऊन आईसमोर खाली बसले.

"आये," म्हणाले, "जर्सी उलटली तवा तू गाय विकली न्हाईस. कांडीला दोष दिलास."

आत्या म्हणाल्या, "आता त्येचं काय मधीच?"

"हितं बी कांडीलाच दोष हाय. हिच्यात काय बी न्हाई. माज्यात न्हाई. मी सुया टोचून टोचून सगळं बंद पाडून घेतलं. नगरच्या डाक्टरनं तपासलंय. दुसरी आणली तरी ती बी उलटंल, तिसरी आणली तरी ती बी."

कढईत कांदा करपला, मला हलवायचं भान राहिलं नाही. पाहुणे जमिनीकडे बघत होते. आत्या मुलाच्या दंडाकडे बघत राहिल्या, जिथे लोकांची लेकरं बसायची तिथे. मग म्हणाल्या, "एवढा मोठा झाला हुतास रं तू." आणि पदर तोंडाला लावला.

पाहुण्यांनी करपलेले पोहे निमूट खाल्ले आणि मिळेल त्या गाडीने गेले. मी भांडी घासायला बसले, घरातली आणि गोठ्यातल्या चुलीवरची एकत्रच. आत्या येऊन शेजारच्या दगडावर बसल्या. मग विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"हो."

"आन मी एवढं बोलले तवा गप ऱ्हायलीस? मला सांगायचं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

आत्यांनी खरोखर विचार केला. त्यांचं हे मला आवडतं, उत्तर द्यायचं म्हणून देत नाहीत. "न्हाई," म्हणाल्या, आणि खरकटी कढई ओढून माझ्याबरोबर घासायला लागल्या. तिला करपलेल्या कांद्यासोबत शेजारच्या भांड्यांतल्या अंड्याचा वास लागला होता की नाही, मी विचारलं नाही.

औषधं अजून चालू आहेत. बीज दिसायला लागलंय, अगदी थोडं, असं मोठे डॉक्टर म्हणतात, आणि पुढचं अजूनही सांगत नाहीत. ह्यांचा रक्तदाबाचा त्रास जन्माचा झालाय. आता ते जेवणात मीठ मागतात आणि मी देत नाही. गोठ्यातली चूल मोडून तिथे कडबा कापायचं यंत्र बसवलं.

परवा डेअरीवर आम्ही सासू-सुना दूध घालायला बरोबर गेलो होतो. रांगेत पुढच्या बाईने मागे वळून मला नेहमीचंच विचारलं, "काय, गोड बातमी हाय का न्हाई आवंदा?" मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी किटली खाली ठेवली.

"तिला नगं इचारू," त्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "दोष माज्या पोरात हाय. त्येला औषध चालू हाय. इथनं फुडं काय इचारायचं ते मला इचारायचं."

मी तिथेच, भर सकाळी, दुधाच्या किटल्यांमध्ये उभी राहून रडले. आत्यांनी माझ्या हातातली किटली घेतली आणि मापाला लावली.